राऊटर बदलला, एनव्हीआर ऑफलाइन: आयपी, गेटवे, डीएनएस आणि त्यामागची भानगड

सचिव_बी_विंग

नमस्कार मंडळी. सोसायटीचा १६ चॅनेलचा एनव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र), त्यावर १४ आयपी कॅमेरे (नेटवर्कवर स्वतःचा पत्ता असलेले). कॅमेरे दोन पीओई (नेटच्या तारेतूनच वीजही देणाऱ्या) स्विचवर आहेत, एक पार्किंगमध्ये आणि एक गच्चीच्या जिन्यात. दोन्ही स्विचच्या तारा ऑफिसातल्या राऊटरमध्ये येतात आणि एनव्हीआरही त्याच राऊटरमध्ये खोचलेला आहे. नेटची कंपनी बदलली, जुना राऊटर गेला, नवा आला. टीव्हीवर सगळे कॅमेरे दिसतात, रेकॉर्डिंगही चालू आहे. फोनच्या अ‍ॅपमध्ये मात्र 'डिव्हाइस ऑफलाइन'.

एनव्हीआरच्या नेटवर्कच्या पानावर आत्ता हे आहे:

डीएचसीपी (राऊटरने आपोआप पत्ता देण्याची सोय): बंद
आयपी: १९२.१६८.१.६४
सबनेट मास्क (कोणते पत्ते आपल्याच गल्लीतले ते ठरवणारा आकडा): २५५.२५५.२५५.०
गेटवे (बाहेर नेटवर जायचं दार, म्हणजे राऊटर): १९२.१६८.१.१
डीएनएस (साइटच्या नावावरून आकडी पत्ता सांगणारे सर्व्हर): जुन्या कंपनीने दिलेले दोन आकडे

नव्या राऊटरच्या वायफायवर फोनला १९२.१६८.२९.४३ मिळतो. कॅमेरे बसवणारा म्हणतो, "डीएचसीपी चालू करा, होऊन जाईल." करू का?

सबनेटकर

थांबा, नका करू. निदान आत्ता तरी नाही.

टीव्हीवर कॅमेरे दिसतायत ते एनव्हीआर आणि कॅमेरे अजून एकाच गल्लीत राहतायत म्हणून. सगळ्यांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात. त्यांना एकमेकांशी बोलायला राऊटरची बुद्धी लागत नाही, त्याच्या मागचे चार लॅन (आतल्या नेटवर्कचे) पोर्ट साध्या स्विचसारखे पाकिटं पुढे ढकलतात. नेटवर जायचं म्हटलं की एनव्हीआर १९२.१६८.१.१ ला हाक मारतो, आणि तिथे आता कोणी राहत नाही. नवा राऊटर १९२.१६८.२९.१ वर आहे.

आता डीएचसीपी चालू केलंत तर एनव्हीआरला १९२.१६८.२९.काहीतरी मिळेल, अ‍ॅप ऑनलाइन होईल आणि टीव्हीवरचे चौदाच्या चौदा कॅमेरे काळे पडतील, कारण त्यांचे पत्ते स्थिर आहेत आणि ते जुन्याच गल्लीत राहिले. मग घाबरून सगळं परत फिरवायचं. यात पाऊण दिवस जातो आणि तेवढ्या वेळाचं रेकॉर्डिंगही.

आधी एक गोष्ट बघून सांगा. एनव्हीआरच्या कॅमेरा मॅनेजमेंटच्या यादीत प्रत्येक कॅमेऱ्याचा आयपी दिसतो. तो १९२.१६८.१ चाच आहे ना?

लालपिवळीतार

सबनेटकर +१. हे तपासणं महत्त्वाचं अशासाठी, की कॅमेरे एनव्हीआरच्या पाठीवरच्याच पीओई पोर्टांत खोचलेले असते तर गोष्ट वेगळी असती. तिथे एनव्हीआर स्वतःचं आतलं नेटवर्क चालवतो. हिकव्हिजन कंपनीच्या यंत्रांत ते १९२.१६८.२५४ चं असतं, दाहुआ आणि त्याच घराण्यातल्या यंत्रांत १०.१.१ चं. बाहेरच्या लॅनचा आयपी काहीही केला तरी आतल्या कॅमेऱ्यांना फरक पडत नाही. अशा यंत्राला "डीएचसीपी चालू करा" हा सल्ला चालून जातो. डीव्हीआरलाही (जुन्या धर्तीच्या रेकॉर्डरला) चालतो, कारण तिथे कॅमेरे कोअ‍ॅक्सिअल तारेवर असतात, त्यांना आयपीच नसतो. बसवणाऱ्यांची सवय डीव्हीआरची, म्हणून तोंडात तेच येतं.

उलटं पथ्यही आहे: बाहेरच्या लॅनला चुकूनही तेच आतलं सबनेट देऊ नका. दोन्हीकडे एकच पत्ते झाले की यंत्राला कुठली तार धरावी ते कळत नाही.

सचिव_बी_विंग

यादी पाहिली. कॅमेरे १९२.१६८.१.६५ पासून १९२.१६८.१.७८ पर्यंत. सगळे स्थिर. एनव्हीआरच्या मागे पीओई पोर्ट नाहीत, एकच लॅन पोर्ट आहे.

चौथा_मजला

सोपा जुगाड: एनव्हीआरचा सबनेट मास्क २५५.२५५.०.० करा आणि गेटवे १९२.१६८.२९.१ टाका. मग त्याला १.७८ पण दिसेल आणि २९.१ पण. कॅमेऱ्यांना हात लावायची गरज नाही.

सबनेटकर

@चौथा_मजला, जाताना जमेल, येताना नाही. एनव्हीआर रुंद मास्कमुळे २९.१ ला शेजारी समजून पाकीट देईल, पण राऊटरचा स्वतःचा मास्क २५५.२५५.२५५.० आहे. त्याच्या लेखी १९२.१६८.१.६४ आपल्या लॅनवर नाहीच. उत्तर पाठवायची वेळ आली की तो ते बाहेरच्या, म्हणजे कंपनीच्या दिशेने भिरकावतो आणि ते हरवतं. फोनवरून पाहणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही, वर पुढच्या माणसाला हा विचित्र मास्क शोधत बसावं लागतं.

सचिवसाहेब, तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत. माझी पसंती पहिल्याला.

पहिला: एनव्हीआर आणि कॅमेरे जिथे आहेत तिथेच राहू द्या, राऊटरलाच त्यांच्याकडे आणा. राऊटरच्या पानावर लॅनच्या सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा आयपी १९२.१६८.२९.१ चा १९२.१६८.१.१ करायचा. पंधरा यंत्रांना हात लावण्यापेक्षा एकाला लावणं केव्हाही बरं.

दुसरा: राऊटरचं ते पान कंपनीने कुलूपबंद ठेवलं असेल तर मध्ये स्वतःचा एक साधा राऊटर टाका. त्याचा वॅन (बाहेरच्या नेटकडचा) पोर्ट कंपनीच्या राऊटरच्या लॅनला जोडायचा आणि वॅनचं सेटिंग डीएचसीपी ठेवायचं. लॅनचा आयपी १९२.१६८.१.१. एनव्हीआर आणि दोन्ही पीओई स्विच या नव्या राऊटरमागे. दोन्ही बाजूंना वेगळी सबनेट हवीत. इथे एकीकडे २९, दुसरीकडे १, म्हणजे ठीक. दुहेरी नॅट होतं (वाटेत पत्ता दोनदा बदलला जातो), पण अ‍ॅपच्या पी२पीला (कंपनीच्या सर्व्हरमार्फत होणाऱ्या जोडणीला) त्याचं सहसा वावडं नसतं.

तिसरा: सगळ्या कॅमेऱ्यांचे पत्ते २९ च्या मालिकेत न्यायचे आणि एनव्हीआरमध्ये प्रत्येक चॅनेलचा आयपी बदलायचा. पुढच्या वेळी कंपनी बदलली की पुन्हा तेच. हौस असेल तर करा.

लालपिवळीतार

पहिल्या रस्त्याच्या पायऱ्या लिहून ठेवतो. क्रम चुकला की माणूस राऊटरच्या बाहेर अडकतो.

१. लॅपटॉप तारेने राऊटरला जोडा. वायफायवरून नको, मधेच जोडणी तुटते.

२. सुरू करण्याआधी राऊटरच्या लॅन पानाचा आणि एनव्हीआरच्या नेटवर्क पानाचा फोटो काढून ठेवा.

३. लॅनच्या पानावर आयपी १९२.१६८.१.१, मास्क २५५.२५५.२५५.०. त्याच पानावर डीएचसीपीची सुरुवात आणि शेवट असतो. तिथे १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ टाका. हे विसरलात तर राऊटर राहील १ च्या मालिकेत आणि फोनना वाटत बसेल २९ चे पत्ते. काही राऊटर अशी विसंगती सेव्हच करू देत नाहीत, काही खुशाल करू देतात.

४. सेव्ह. पान गोठेल, ते अपेक्षित आहे. लॅपटॉपची तार काढून परत लावा, नवा पत्ता मिळेल. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा.

५. एनव्हीआरमध्ये आयपी, मास्क, गेटवे आहे तेच ठेवा. फक्त डीएनएस बदला: पहिला ८.८.८.८, दुसरा १.१.१.१. जुन्या कंपनीचे डीएनएस सर्व्हर बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला उत्तरच देत नाहीत. गेटवे बरोबर असूनही अ‍ॅप ऑफलाइन राहण्याचं हे फार नेहमीचं कारण.

हे पान हिकव्हिजनच्या जुन्या मेनूत कॉन्फिगरेशन, नेटवर्क, जनरल असं सापडतं, नव्या मेनूत सिस्टिम, नेटवर्क, टीसीपी/आयपी. सीपी प्लस आणि दाहुआत नेटवर्कखाली टीसीपी/आयपी. बदल केल्यावर अप्लाय दाबल्याशिवाय बाहेर पडू नका, माऊसच्या उजव्या बटणाने मागे आलात तर बदल जातो.

डीएचसीपीची मर्यादा १०० च्या पुढे का, तर ६४ ते ७८ हे पत्ते राऊटरने कोणाच्या फोनला देता कामा नयेत. दिलेच तर दोन यंत्रं एका पत्त्यावर येतात, एनव्हीआर आयपी कॉन्फ्लिक्टची सूचना देतो किंवा एखादाच कॅमेरा संध्याकाळी लोक घरी आले की दिसेनासा होतो आणि सकाळी आपोआप परततो. असं 'भुताटकी' कॅमेऱ्याचं कोडं बऱ्याचदा इथेच सुटतं.

मांडवी

राऊटरमध्ये मॅक पत्त्यावरून (यंत्राच्या कारखान्यात ठरलेल्या ओळखक्रमांकावरून) आयपी राखून ठेवायची सोय असेल तर ती जास्त स्वच्छ नाही का? एनव्हीआरला डीएचसीपीवर ठेवायचं आणि राऊटरला सांगायचं की या मॅकला कायम ६४ द्यायचा.

सबनेटकर

घरात एकच डीव्हीआर असेल तर जरूर करा. पण ती नोंद राऊटरमध्ये राहते आणि राऊटर हीच इथे सर्वांत लवकर बदलणारी वस्तू आहे. शिवाय बाहेरच्या स्विचवरच्या १४ कॅमेऱ्यांचा मालक असलेल्या एनव्हीआरने स्वतःचा पत्ता दुसऱ्याला विचारू नये. राऊटर बंद पडला तरी रेकॉर्डिंग चाललंच पाहिजे.

सचिव_बी_विंग

राऊटरचं पान उघडलं, कुलूप नव्हतं. १९२.१६८.१.१ केला, डीएचसीपी १०० ते १९९, डीएनएस बदलले. कॅमेरे शाबूत आहेत. अ‍ॅप अजून ऑफलाइन.

सबनेटकर

आता अंदाज नको, एनव्हीआरलाच विचारा. मेंटेनन्समध्ये नेटवर्क डिटेक्शन किंवा नेटवर्क टेस्ट नावाचं पान असतं. तिथे पत्ता टाकून टेस्ट दाबलं की किती मिलिसेकंद लागले आणि किती पाकिटं हरवली ते दाखवतं. या क्रमाने करा:

आधी १९२.१६८.१.१. हे नापास झालं तर तार, पोर्ट किंवा आयपीचा घोळ. पुढचं काही करू नका.

मग ८.८.८.८. गेटवे पास आणि हे नापास, म्हणजे एनव्हीआरमधला गेटवे चुकलाय किंवा राऊटरलाच नेट नाही. त्याच राऊटरवरच्या फोनवर नेट चालत असेल तर दोष एनव्हीआरच्या रकान्यात आहे.

मग आकडा न टाकता एखादं नाव टाका, उदाहरणार्थ गूगलचा पत्ता. आकडा पास आणि नाव नापास, म्हणजे डीएनएस. काही जुन्या यंत्रांत या चौकटीत फक्त आकडेच टाकता येतात. तिथे नावाची परीक्षा एनटीपीच्या (नेटवरून घड्याळ लावण्याच्या) पानावरून घ्यावी लागते.

तिन्ही पास झालं तर नेटवर्क निर्दोष, उरला पी२पीचा भाग.

सचिव_बी_विंग

तिन्ही पास. हरवलेली पाकिटं ०%.

लालपिवळीतार

मग प्लॅटफॉर्म अ‍ॅक्सेस हे पान बघा. हिकव्हिजनमध्ये तिथे हिक-कनेक्ट निवडलेलं असतं. सीपी प्लस, दाहुआत पी२पी किंवा इन्स्टाऑन नावाने. एनेबलची खूण आहे का, आणि स्टेटस काय लिहिलंय? ऑफलाइन असेल तर खूण काढा, अप्लाय, परत खूण करा, अप्लाय. दोन-तीन मिनिटं द्या. याने नाही झालं तर यंत्र एकदा व्यवस्थित रीबूट करा, मेनूतून. मागची पिन उपटून नव्हे, हार्डडिस्क लिहीत असते.

परत चालू करताना व्हेरिफिकेशन कोड विचारेल. हा ॲडमिनचा पासवर्ड नाही. हिकव्हिजनमध्ये ६ ते १२ अक्षरांचा वेगळा कोड असतो, आणि स्ट्रीम एन्क्रिप्शन चालू असेल तर अ‍ॅपमध्ये चित्र उघडायलाही तोच लागतो. कोड बदललात तर कमिटीतल्या सगळ्यांच्या फोनवर कुलपाचं चित्र येऊन नवा कोड मागितला जाईल. म्हणून तो बदलू नका, आणि बदललाच तर सगळ्यांना कळवा.

सचिव_बी_विंग

एनेबलची खूण होती, स्टेटस ऑफलाइन. काढून परत केली, ऑनलाइन झालं. फोनवर चित्र आलं. आभार!

आता दोन उपप्रश्न. एक, फोनवर १६ चौकटी उघडल्या की अडखळतं, एकच कॅमेरा उघडला की बरं चालतं. दोन, कमिटीतले एकजण म्हणतात की पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट यंत्रापर्यंत यायचं दार राऊटरमध्ये उघडणं) केलं की अ‍ॅपची भानगडच नको, थेट ब्राउझरमधून दिसेल.

मांडवी

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण त्यात नुकसान मोठं आहे: पोर्ट उघडू नका.

२०१६ साली मिराई नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने) जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर गोळा केले. इंटरनेटवर उघडी असलेली आणि कंपनीचाच पासवर्ड ठेवलेली यंत्रं शोधायची, एवढीच त्याची युक्ती होती. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला होऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट काही तास कोलमडल्या, त्यात हीच फौज होती. पासवर्ड बळकट असला तरी पुरत नाही. २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या बऱ्याच मॉडेलांत अशी त्रुटी जाहीर झाली की पासवर्डशिवायच वेबच्या पोर्टातून यंत्रावर हुकूम चालवता येत होते. त्रुटी बुजवणारं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) आलं, पण आपल्याकडे एकदा भिंतीवर टांगलेल्या एनव्हीआरचं फर्मवेअर कोण बदलतं?

शोधणारे ठरलेले दरवाजे ठोठावतात: वेबचा ८०, आरटीएसपीचा (थेट चित्राचा) ५५४, हिकव्हिजनचा ८०००, दाहुआ घराण्याचा ३७७७७, स्वस्त बिनानावाच्या डीव्हीआरचा ३४५६७. ८००० च्या जागी ८१२३ ठेवल्याने कचरा-वाहतूक कमी होते, सुरक्षितता मिळत नाही. राऊटरमधलं आणि एनव्हीआरमधलं, दोन्हीकडचं यूपीएनपी बंद करा. नाहीतर यंत्र तुम्हाला न विचारता स्वतःच दार उघडून घेतं.

सबनेटकर

शिवाय बऱ्याच ठिकाणी ते चालणारच नाही. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एक सार्वजनिक पत्ता कंपनी अनेक ग्राहकांत वाटते. काही कंपन्या त्यासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. 'माझा आयपी' सांगणाऱ्या साइटवरचा आकडा आणि वॅन आयपी वेगळे, म्हणजे राऊटरमध्ये कितीही नियम लिहा, बाहेरून येणारं पाकीट तुमच्यापर्यंत पोचत नाही. डीडीएनएसचाही उपयोग नाही, ते फक्त त्या वाटून घेतलेल्या पत्त्याला नाव देतं. पी२पी चालतं, कारण तिथे एनव्हीआर आतून बाहेर फोन लावतो.

ब्राउझरच हवा असेल, किंवा कंपनीच्या क्लाउडवर भरवसा नसेल, तर व्हीपीएन (बाहेरून आपल्या नेटवर्कात येणारा खाजगी बोगदा). सीजीनॅटमागे वायरगार्ड या व्हीपीएनचा साधा सर्व्हर घरी ठेवून भागत नाही. टेलस्केलसारखी सोय वापरता येते: ऑफिसात चोवीस तास चालू राहणारा छोटा संगणक, रास्पबेरी पाय पुरतो, त्यावर १९२.१६८.१.० / २४ हे सबनेट जाहीर करायचं. मग दुबईत बसलेला सभासदही १९२.१६८.१.६४ असंच टाकून बघू शकतो. फक्त त्याच्या स्वतःच्या घरचं वायफायही १९२.१६८.१ च असेल तर पत्ते आपटतात. राऊटरमागे सरसकट १ ची मालिका ठेवण्याचा हा एक खरा तोटा.

चौथा_मजला

जुन्या एनव्हीआरचं पान ब्राउझरमध्ये उघडलं तरी चित्र येत नाही, प्लगइन मागतं. त्याचं काय?

लालपिवळीतार

ती यंत्रं इंटरनेट एक्सप्लोररच्या अ‍ॅक्टिव्हएक्सवर बेतलेली आहेत. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरच्या एक्सप्लोररचा पाठिंबा थांबवला. एजमध्ये आयई मोड चालू करून त्या यादीत एनव्हीआरचा पत्ता टाकला की चालतं. नुसती सेटिंग बदलायला प्लगइन लागत नाही, ते फक्त चित्रासाठी. रोजच्या पाहण्याला कंपनीचं संगणकावरचं सॉफ्टवेअर बरं.

आणि यंत्राचा आयपीच माहीत नसेल, टीव्ही जोडलेला नसेल, तर यंत्र शोधणारं सॉफ्टवेअर वापरा: हिकव्हिजनचं एसएडीपी, दाहुआचं कॉन्फिगटूल. एकाच स्विचवर असाल तर वेगळ्या सबनेटमधलं यंत्रही सापडतं, कारण शोध मल्टिकास्टने (सगळ्यांना एकदम हाक मारून) होतो. कारखान्यातून निघताना हिकव्हिजनचा पत्ता १९२.१६८.१.६४ असतो आणि दाहुआचा १९२.१६८.१.१०८. म्हणून एकाच वेळी चार नवे कॅमेरे स्विचला लावू नयेत, चौघेही एकाच पत्त्यावर उभे राहतात. एकेक लावा, पत्ता बदला, मग पुढचा.

सबनेटकर

आता अडखळण्याचं. १६ चौकटींत अ‍ॅपने मुख्य स्ट्रीम (पूर्ण दर्जाचं चित्र) मागता कामा नये. हिशेब बघा: २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची मुख्य स्ट्रीम एच.२६४ या चित्र आकसवायच्या पद्धतीत साधारण ४ एमबीपीएस, एच.२६५ मध्ये निम्म्याच्या आसपास. १४ कॅमेरे गुणिले ४ म्हणजे ५६ एमबीपीएस अपलोड, एका फोनसाठी. तीन सभासदांनी एकदम उघडलं तर तिप्पट. सबस्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचं हलकं, कमी दर्जाचं चित्र) ५१२ केबीपीएसला बांधली तर १४ मिळून ७ एमबीपीएस.

एनव्हीआरमध्ये प्रत्येक चॅनेलची सबस्ट्रीम अशी ठेवा: ६४० गुणिले ३६० किंवा तत्सम, १२ ते १५ फ्रेम, ५१२ केबीपीएस, आय-फ्रेमचं (संपूर्ण चित्र असलेल्या फ्रेमचं) अंतर फ्रेमच्या दुप्पट. बिटरेट कॉन्स्टंट न ठेवता व्हेरिएबल, वरची मर्यादा ५१२. जुन्या फोनवर एच.२६५ उलगडायला जड जातं, तिथे सबस्ट्रीम एच.२६४ च ठेवा. मुख्य स्ट्रीम रेकॉर्डिंगसाठी आहे, ती नेटसाठी कमी करू नका. नाहीतर चोराचा चेहरा हवा तेव्हा चौकोन मिळतील.

लालपिवळीतार

तुमच्या जोडणीत अजून एक खोट आहे. दोन्ही स्विच राऊटरला आणि एनव्हीआरही राऊटरला, म्हणजे चौदा कॅमेऱ्यांची सगळी रहदारी चोवीस तास राऊटरच्या लॅन पोर्टांतून जाते. त्यातले पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर ५६ एमबीपीएस सलग, आणि कोणी १४ कॅमेऱ्यांचं प्लेबॅक संगणकावर ओढलं की तुंबू शकतं. शिवाय राऊटर रीबूट झाला की सगळे कॅमेरे क्षणभर जातात आणि रेकॉर्डिंगला भोकं पडतात.

ऑफिसात ८ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच ठेवा. दोन्ही पीओई स्विचच्या तारा त्यात, एनव्हीआर त्यात, आणि तिथून एकच तार राऊटरला. कुठलंही सेटिंग बदलत नाही, राऊटर मेला तरी रेकॉर्डिंग चालू राहतं.

तार तांब्याचीच हवी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त केबल ६०-७० मीटरवर पीओईचं व्होल्टेज खाते. दिवसा कॅमेरा ठीक, रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की रीबूट, आणि सगळे मिळून आयपी सेटिंग शोधत बसतात. मर्यादा १०० मीटर. दोन्ही टोकांना रंगक्रम एकच: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. 'हिरवी जोडी शेजारी-शेजारी' असं क्रिंप केलं तर टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण जोडी फुटल्यामुळे लांब तारेवर पाकिटं गळतात. गचाळ क्रिंपिंगचं हे सर्वांत फसवं रूप.

मांडवी

कोणी वेळेबद्दल बोललंच नाही. नेट परत आलंय तर एनटीपीही लगेच लावा. टाइम झोन जीएमटी +५:३०, डेलाइट सेव्हिंग बंद. सर्व्हर म्हणून टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग चालतो, तो दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा आहे. तो न लागल्यास पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग. पोर्ट १२३, अंतर ६० मिनिटं.

बिनानावाच्या डीव्हीआरमध्ये मूळ झोन +८:०० असतो. हाताने घड्याळ बरोबर लावलं तरी एनटीपी चालू होताच ते अडीच तास पुढे पळतं. झोन न बघता लोक एनटीपीच बंद करून टाकतात.

पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली की पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ यातला फरक पंचनाम्यात लिहावा लागतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, पूर्वीच्या पुरावा कायद्यातल्या ६५ ब च्या जागी. त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइलचा अंकी ठसा) येतं. घड्याळ बरोबर असेल तर निदान एक वाद कमी.

सचिव_बी_विंग

झोन बरोबर निघाला, पण घड्याळ ११ मिनिटं मागे होतं. एनटीपी लावलं. आता सभासदांना बघायला द्यायचं तर ॲडमिनचाच पासवर्ड द्यावा लागतो का?

मांडवी

मुळीच देऊ नका. अ‍ॅपमधलं खातं सोसायटीच्या ईमेलवर काढा, एखाद्या सभासदाच्या खाजगी नंबरवर नको. यंत्र एका वेळी एकाच खात्याला बांधलं जातं, बाकीच्यांना त्या खात्यातून शेअर करायचं. शेअर करताना थेट दृश्य, प्लेबॅक, आवाज असे हक्क वेगळे निवडता येतात. बहुतेकांना फाटक आणि पार्किंगचं थेट दृश्य पुरतं. कमिटी बदलली की शेअर काढून टाकायचं. मूळ खातं कुणा माजी पदाधिकाऱ्याच्या फोनवर राहिलं तर यंत्र 'दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे' म्हणून अडून बसतं, मग अनबाइंड करण्याचे सोपस्कार.

पहारेकऱ्याच्या टीव्हीसाठी एनव्हीआरमध्येच एक वेगळा यूजर काढा, फक्त लाइव्ह व्ह्यू. फॉरमॅट आणि नेटवर्कच्या पानाला त्याचा हात लागू नये.

घाटमाथा

धाग्याला थोडी बगल. द्राक्षबागेच्या शेडवर ४ चॅनेलचा डीव्हीआर लावायचा आहे, फायबर नाही, सिमचा ४जी राऊटर. रोज दीड जीबीचा पॅक पुरेल का? आणि आयपीचं काय ठेवू?

सबनेटकर

सिमवर सार्वजनिक पत्ता सहसा मिळत नाही, तेव्हा पी२पी. ४ चॅनेलचा डीव्हीआर, कॅमेऱ्यांना आयपी नाही, म्हणून इथे डीएचसीपी बिनधास्त चालू ठेवा. डीएनएस तेवढे हाताने.

रेकॉर्डिंगला डेटा लागत नाही, ते डिस्कवर होतं. डेटा फक्त बघताना जातो. ५१२ केबीपीएसची एक सबस्ट्रीम तासाला सुमारे २३० एमबी खाते, चारही चौकटी उघड्या ठेवल्या तर तासाला ९२० एमबी. म्हणजे दीड जीबीत चारही मिळून जेमतेम दीड तास. सबस्ट्रीम २५६ केबीपीएस आणि ८ फ्रेमवर आणलीत तर तीन तासांच्या वर. चुकून मुख्य स्ट्रीम उघडी राहिली, ४ एमबीपीएसची, तर एकच कॅमेरा तासाभरात १.८ जीबी पितो. अ‍ॅपमध्ये एचडीचं बटण दाबलेलं राहतं तेव्हा हेच होतं.

डीव्हीआरचं फर्मवेअर आपोआप डाउनलोड बंद करा, क्लाउडवर चित्र चढवण्याचा पर्याय बंद. हालचालीची सूचना हवी तर फक्त फाटकाच्या चॅनेलला. बागेत पानं हलतात, दिवसभर फोन वाजत राहील.

लालपिवळीतार

आणि शेडवर लाइट येते-जाते. डीव्हीआर आणि सिमचा राऊटर दोघांनाही बॅकअप द्या, एकालाच नको. राऊटर १२ व्होल्टचा असेल तर डीसी मिनी यूपीएस पुरतो. अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनची बाजू जुळवून घ्या, काही सिम राऊटर ५ व्होल्टचे असतात. डीव्हीआरच्या एक्सेप्शनच्या पानावर 'नेटवर्क डिस्कनेक्टेड'चा बझर चालू असतो, तो बंद करा. नाहीतर रेंज गेली की ओसाड शेडमध्ये यंत्र रात्रभर ओरडत राहतं आणि सकाळी कोणीतरी वैतागून त्याची पिनच काढतो.

घाटमाथा

राऊटर ५ व्होल्ट २ अँपिअरचा आहे, डीव्हीआर १२ व्होल्ट २ अँपिअरचा. एकाच मिनी यूपीएसमध्ये दोन्ही बाहेर येतात असे मिळतात का?

लालपिवळीतार

मिळतात, ५, ९ आणि १२ व्होल्टची तोंडं एकत्र असलेले. पण डीव्हीआर त्यावर लावू नका. हार्डडिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी ती एकटीच १२ व्होल्टवर दीड ते दोन अँपिअर ओढू शकते. मिनी यूपीएस बसतो, डीव्हीआर रीबूट होत राहतो. राऊटरला मिनी, डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांच्या सप्लायला ६०० व्हीएचा साधा यूपीएस. त्याची बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची असते. चार कॅमेऱ्यांसकट भार ३५-४० वॅटच्या आत राहिला तर तास-सव्वा तास धरा, बॅटरी नवी असेपर्यंत.